तापीच्या दोन्ही काठांनी: खान्देशात गाडीने निवांत हिंडावं कसं, खावं काय आणि शेतं पाहावीत कशी

खान्देशात फिरायला निघणारी मंडळी बहुतेकदा नकाशावरची ठिकाणं मोजतात आणि महामार्गावरच्या ढाब्यांवर जेवून परत येतात. अशाने खान्देश हाती लागत नाही. या मुलखात काय खायचं ते शेतात काय उभं आहे त्यावरून ठरतं, म्हणून आधी पीक बघा, मग तारीख ठरवा, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. दुसरा नियम त्याहून कडक आहे: दिवसाला एकच शेत आणि एकच मोठं जेवण. इथलं जेवण तेलाला सढळ, तिखटाला त्याहून सढळ. दुपारी भरीत, संध्याकाळी शेवभाजी आणि मधे गरम वेफर्स असा बेत केलात तर दुसरा दिवस लॉजच्या खोलीत जाईल.

खाली दिलेली फेरी जळगावहून निघून तापी ओलांडते, उत्तर काठाने पश्चिमेकडे शहाद्यापर्यंत जाते, पुन्हा नदी ओलांडून नंदुरबारला येते आणि दोंडाईचा, धुळे, अमळनेर करत जळगावला परतते. आडवाटा धरून अंतर साधारण पाचशे किलोमीटर भरतं. हे दोन दिवसांत सहज उरकतं, पण इथे त्याला चार रात्री दिल्या आहेत.

कधी जायचं

मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. भरिताची वांगी तेव्हा भरात असतात, कारण थंडी पडल्याशिवाय त्यांना गोडी येत नाही. पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि चंपाषष्ठीला ते पुन्हा ताटात येतं. तिथून पुढे शेताशेतांतून भरीत पार्ट्यांचा धूर निघू लागतो. याच काळात नंदुरबारकडे लाल मिरची पथाऱ्यांवर वाळत असते, कापसाची वेचणी चालू असते, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या दादर ज्वारीचा हुरडा येतो. सगळं एकाच फेरीत हवं असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा गाठा. फक्त भरीत हवं असेल तर डिसेंबर बरा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जाण्यालाही अर्थ आहे. त्या दिवसांत खापरावरचे मांडे आणि आमरस असतो, अंगणात बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया वाळत असतात, आणि सातपुड्यात कैऱ्या चिरून आमचूर घालणं सुरू असतं. पण एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा गेलात तर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडा. मधल्या वेळेत इथली माणसंही घराबाहेर पडत नाहीत. पावसाळ्यात सातपुडा देखणा दिसतो, पण काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर चारचाकी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. तो पाहायचा असेल तर मुद्दाम जा, नसेल तर त्या दिवसांत शहादा-सारंगखेडा-दोंडाईचा हा रस्ता टाळा.

निघण्यापूर्वी

शेत पाहायची सोय आयत्या वेळी होत नाही. आठ-दहा दिवस आधी ओळखीतून एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा. खान्देशातलं कुणी ना कुणी पुण्या-मुंबईत, नाशकात किंवा सुरतेत असतंच, त्याच्या गावाकडच्या भावाचा किंवा मामाचा नंबर मिळतो. बोलताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: त्या दिवशी शेतात काय काम आहे, फवारणी कधी झाली किंवा होणार आहे, आणि शेतीपंपाची लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री. हा तिसरा प्रश्न शहरी माणसाला सुचत नाही. पण रात्रपाळीची लाईन असेल तर तो माणूस रात्रभर पाणी भरून सकाळी नऊला झोपलेला असतो, आणि तुम्ही त्याच वेळी दारात गाडी लावून हॉर्न वाजवत असता.

गाडीत ठेवायचं ते थोडंच: माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी, जुने कपडे आणि जाड तळाचे बूट, दोन रिकाम्या गोणपाटी पिशव्या, एक पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा, रुमाल, साधा चष्मा, आणि ताकासाठी बाटली. गूळही घ्या. तोंड पोळलं की पाण्याने आग थांबत नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. ताक, दही किंवा गुळाचा खडा उपयोगी पडतो.

गाडीला वेगळी तयारी लागत नाही, पण स्टेपनीतली हवा तपासून घ्या. अंधार पडल्यावर गावरस्त्यांवर चालवू नका. कापसाने फुगलेले टेम्पो, दिवे नसलेले ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्या समोर येईपर्यंत दिसत नाहीत, आणि हिवाळ्यात तापीच्या पुलांवर पहाटे धुकंही असतं. सकाळी साडेसात-आठला निघून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचणं हेच वेळापत्रक ठेवा.

पहिला दिवस: आसोदा, भादली, बामणोद

जळगावहून पाच-सहा किलोमीटरवर आसोदा आहे. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर, त्यांचा जन्म इथे १८८० साली झाला. आसोदा, भादली आणि तापीपलीकडचं बामणोद ही भरिताच्या वांग्यांची नावाजलेली गावं. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगं पोपटी-पांढरट, लांबट-फुगीर, बी कमी आणि गर जास्त असतो. जांभळं वांगं घेऊन तसंच भरीत करू पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण त्याला सालीचा कडवटपणा आणि बी दोन्ही जास्त.

भादलीहून नशिराबादला महामार्गाला लागा, भुसावळला तापी ओलांडा आणि फैजपूरच्या रस्त्याने बामणोदकडे वळा. ठरवलेल्या शेतावर साडेदहापर्यंत पोचायला हवं, कारण भरीत खायला दोन वाजणार असले तरी करायला अकरालाच बसावं लागतं.

शेतातलं भरीत, सुरुवातीपासून

दहा माणसांसाठी हे सामान लागतं. वांगी पाच किलो, म्हणजे माणशी अर्धा किलो. आकडा मोठा वाटेल, पण भाजून सोलल्यावर वजन बरंच उतरतं. हिरवी मिरची दीडशे ते दोनशे ग्रॅम, सोललेला लसूण शंभर ग्रॅम, कच्चे शेंगदाणे पाव किलो, सुक्या खोबऱ्याची एक वाटी पातळ काप करून, कांद्याची पात चार जुड्या, कोथिंबीर दोन जुड्या, शेंगदाण्याचं तेल पाव लिटर ते तीनशे मिली, मीठ. हळद घालत नाहीत, गरम मसालाही नाही. कुणी हौसेने टोमॅटो घालायला निघालं तर त्याला लाकडं आणायला पाठवा.

जळण म्हणून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या वापरतात. त्या भुर्रकन पेटतात, जाळ मोठा देतात आणि लवकर विझतात. नेमकं हेच हवं असतं: साल करपावी, आतला गर वाफेवर शिजावा. जाड लाकडाच्या निखाऱ्यावर वांगं सावकाश सुकत जातं. ओली पऱ्हाटी मात्र कटाक्षाने टाळा. तिचा धूर कडू असतो आणि भरिताला जी खमंग धुरकट चव येते ती या धुराची नव्हे, जळलेल्या सालीची असते.

वांगी पुसून घ्या आणि प्रत्येकाला टोकदार काडीने चार-पाच ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर राखेत सांडतो. टोचताना आत अळी असेल तर तीही भोकावरून आणि काळ्या विष्ठेवरून कळते, असं वांगं बाजूला काढा. देठ ठेवा, उलटायला तोच धरायचा असतो. पऱ्हाट्यांचा थर, त्यावर वांगी, वरून पुन्हा पऱ्हाट्या, आणि पेटवा. पहिला जाळ ओसरला की लांब काठीने वांगी उलटा, लागेल तसं जळण घाला. मध्यम वांग्याला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. शिजलं की नाही ते देठाजवळ दाबून पाहा. पोटाकडचा भाग आधी मऊ होतो आणि फसवतो, देठाकडची गाठ कच्ची राहिली तर ती ठेचलीही जात नाही आणि दाताखाली कचकचते.

गरम असतानाच सोला. बोटं भाजतात म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेवून बोटं बुडवत राहा, पण वांगं पाण्याखाली धरू नका. धुतलेलं वांगं स्वच्छ दिसतं आणि बेचव लागतं. सालीचे दोन-चार काळे तुकडे राहिले तर राहू द्या.

ठेचायला बडजी, म्हणजे खोलगट लाकडी भांडं, असते. आधी तिच्यात भाजलेली मिरची, लसूण आणि मीठ ठेचून घेतात, मग त्यावर वांगी घालून लाकडी दांड्याने ठेचतात. मिक्सरमध्ये फिरवलेलं भरीत चिकट लगदा होतं. बडजीत रेषा मोडतात पण पार मरत नाहीत. दुसरीकडे कढईत तेल तापवून आधी शेंगदाणे तळा, ते लालसर झाले की खोबऱ्याचे काप टाका, मग चिरलेली पात. पात फक्त बसेपर्यंत परतायची, काळी होऊ द्यायची नाही. त्यावर ठेचलेलं वांगं घालून पाच-सात मिनिटं हलवा, बाजूने तेल सुटलं की कोथिंबीर घालून उतरवा. तेलात हात आखडता घेतलात तर भरीत कोरडं होऊन घशाला लागतं. हे जेवण काटकसरीचं नाही.

सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे नेहमीचं माप, काही घरी तिनास एक घेतात. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना चिरत नाही आणि पुरी लाटता येते. उडीद वाढला तर पुरी फुगते पण चिवट होते. ताटात कच्ची पात, मुळा आणि कांदा लागतोच.

शेतकरी पैसे घेणारा असेल तर माणशी दर, त्यात काय धरलंय आणि स्वयंपाकाला माणूस कोण, हे फोनवरच बोलून घ्या. नात्यातलं किंवा मैत्रीतलं घर असेल तर पैसे पुढे करू नका, मुलांसाठी खाऊ आणि घरासाठी फळं घेऊन जा. ज्यांचं शेतावर जमत नाही त्यांच्यासाठी जळगाव शहरात हिवाळाभर तयार भरीत किलोवर मिळतं, आणि ते वाईट नसतं.

मुक्काम भुसावळला किंवा फैजपूर-सावद्याकडे. रात्री फक्त खिचडी किंवा ताक-भात.

दुसरा दिवस: केळीचा पट्टा आणि पाल

यावल-रावेर तालुके म्हणजे केळी. फैजपूरहून सावद्याकडे आणि पुढे रावेरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीखेरीज फारसं काही दिसत नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच फैजपूरला झालं. जळगावच्या केळीलाही २०१६ चं भौगोलिक मानांकन आहे.

बाग पाहायची ती कटाई चालू असताना, म्हणजे सकाळी. शेतकऱ्याला विचारून मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही पाहा. पहिली जून-जुलैत लावलेली, दुसरी पावसाळा सरता सरता. सध्या बहुतेक लागवड ग्रँड नैन जातीच्या टिश्यूकल्चर रोपांची आहे आणि पाणी ठिबकने. लावल्यापासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने जातात. घड कापणारा, तो खांद्यावर झेलणारा, फण्या वेगळ्या करणारा आणि गाडीत भरणारा ही साखळी जमते की बिघडते ते पाहण्यासारखं असतं. फळाला इथे ओरखडा गेला तर तो पिकल्यावर काळा होऊन दिसतो आणि भाव पडतो. म्हणून कटाईच्या माणसांच्या मधे उभं राहून फोटो काढू नका.

बागेत दोन गोष्टी सांभाळायच्या. केळीचा चीक कपड्यावर पडला की आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी डाग पडतो आणि तो कुठल्याही साबणाने जात नाही. जुने कपडे त्यासाठीच. दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या नुकसानीची. लहान रोपांच्या बागेत शिरू नका आणि पानं, पोंगे चुरगाळू नका. या भागात सीएमव्ही नावाच्या विषाणूने बागा उपटाव्या लागल्या आहेत. तो माव्यामुळे पसरतो आणि रोगट झाडाला लागलेले हात व अवजारं दुसऱ्या झाडाला लावणंही टाळतात. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बुटांची माती झटका, कारण मुळांचे रोग मातीतून जातात.

सावदा-फैजपूरच्या रस्त्यांवर केळी वेफर्सच्या भट्ट्या लागतात. कच्ची केळी सोलून किसणीवरून थेट उकळत्या तेलात पाडतात आणि तळता तळता मिठाचं पाणी शिंपडतात, त्या वेळी तेल जोरात तडतडतं, म्हणून मुलांना लांब ठेवा. समोर काढलेले पाव किलो घ्या. गरम असताना प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर आत वाफ धरून अर्ध्या तासात ते मऊ पडतात, म्हणून तोंड उघडं ठेवा. पिवळेधमक, एकसारखे दिसणारे वेफर्स हळद किंवा रंग घातलेले असू शकतात. साधे वेफर्स फिकट असतात.

सावद्याहून खिरोद्यावरून पालला जा. सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव यावल अभयारण्याच्या बाजूचं, दुपारनंतर हवा बदलते ते जाणवतं. पालला जेवण साधं मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी पोटाला तेच हवं असतं: ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा. मुक्कामाची सोय मोजकी आहे, आधी खात्री करा. सोय नसेल तर उजेड असतानाच खाली फैजपूर-यावलला उतरा.

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावरचं जुनं देऊळ पाहायला जायचं असेल तर याच दिवशी पाल सोडून जावं लागेल. दोन्ही एका दिवसात बसवलंत तर केळीची बाग गाडीच्या काचेतून पाहावी लागेल.

तिसरा दिवस: यावल ते शहादा

हा दिवस गाडी चालवण्याचा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता उजव्या हाताला सातपुडा ठेवून पश्चिमेकडे जातो: यावल, किनगाव, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा. रस्त्याच्या कामांवर अवलंबून पाच-सहा तास धरा.

अडावदहून डोंगराकडे आत गेलं की उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. सकाळी लवकर गेलात तर अंग शेकून निघतं. चोपड्यापासून पुढे दादर ज्वारी दिसू लागते. ही रब्बीची उंच ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. हुरड्यासाठी कणसातला दाणा दाबला तर दूध निघू नये, पण नखाने सहज दबावा. हा काळ एका शेतात आठवडाभरच असतो, त्यामुळे ‘हुरडा आहे का’ असं न विचारता ‘दाणा कसा भरलाय’ असं विचारा. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून हातावर चोळायची, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. माणशी चार-पाच कणसं पुरतात. हुरडा पोटात फुगतो, वर पाणी ढसाढसा प्यायलात तर पुढचा रस्ता जड जाईल. आणि सोबतच्या कुणी शेतातलं हिरवं ज्वारीचं धाट चघळायला घेतलं तर त्याला थांबवा, कोवळ्या ज्वारीत विषारी अंश असतो आणि जनावरंसुद्धा त्याने दगावतात.

शहाद्याकडे येता येता केळीच्या जोडीला पपईच्या बागा दिसतात. बोलीही बदलत जाते. रावेर-यावलला लेवा गणबोली ऐकली, चोपडा-शिरपूरला अहिराणी, इथे गुजरी आणि डोंगराच्या बाजूला पावरी, भिली. ‘राम राम दादा’ मात्र सगळीकडे चालतं. बायकांना ‘ताई’ किंवा वयस्करांना ‘माय’ म्हणा, ‘मॅडम’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं.

एक दिवस हाताशी असेल तर शहाद्याहून तोरणमाळ करा. घाटरस्ता आहे, तिन्हीसांजेपूर्वी वर पोचा किंवा जाऊच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या सीताफळांसाठी जाण्यासारखं आहे.

चौथा दिवस: प्रकाशा, नंदुरबार आणि मिरची

शहाद्याहून प्रकाशा. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे तीर्थ, लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. सकाळी तासभर पुरे. तापी ओलांडून नंदुरबारला या. गुजरात जवळ आल्याचं नाश्त्यावरून समजतं, पोह्यांशेजारी फाफडा आणि खमण येतं.

नंदुरबार परिसरात मोकळ्या मैदानांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. ओली लाल मिरची लिलावात घेऊन व्यापारी ती उन्हात वाळवतात, मजूर बाया देठ खुडतात आणि प्रत लावतात. पाहायला जाताना आधी तिथल्या मुनिमाची परवानगी घ्या. नाकातोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, पथारीच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं गाडीतच बरी. मिरची हाताळली असेल तर आधी हाताला तेल चोळा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की दुपार वाया जाते.

विकत घेताना मिरची वाकवून पाहा. देठ कटकन मोडला आणि आत बी खुळखुळलं तर ती वाळलेली. लवचीक असेल तर आत ओल आहे आणि ती महिन्याभरात बुरशी धरेल. पांढरट डाग पडलेल्या मिरच्या पावसात भिजलेल्या असतात, स्वस्त मिळतात, रंग आणि वास दोन्ही गेलेला असतो. दोन किलो घेतलीत तर देठ काढून पूड साधारण पावणेदोन किलोच्या आत येईल, हे धरून घ्या.

दोंडाईच्यावरून धुळ्याकडे निघा. ढाब्यावरची शेवभाजी खायची ती या रात्री. चांगली शेवभाजी ओळखायला एक प्रश्न पुरतो: शेव कधी टाकता? रस्सा वेगळा उकळत ठेवून जाड तिखट शेव ताट वाढताना टाकत असतील तर बसा. आधीच शेव टाकून ठेवलेल्या भाजीत शेव रस्सा पिऊन फुगलेली असते आणि खाली पिठाचा गाळ बसतो. रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा. ‘तर्री कमी, रस्सा जास्त’ असं सांगितलं तर वरचं तेल काढून देतात, कुणी हसत नाही. दोन माणसांत एक प्लेट आणि माणशी दोन भाकरी. पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) भाजीही मागवता येईल, पण दोन्हींचा रस्सा बहुतेक ढाब्यांवर एकच असतो, तेव्हा एकीवर भागवा. डाळगंडोरी मात्र वेगळी चीज आहे: तूरडाळीत भरपूर हिरवी मिरची शिजवून घोटलेली. ती मिळाली तर शेवभाजी सोडून ती घ्या.

पाचवा दिवस: धुळे, अमळनेर, बट्टी आणि मांडे

शेवटच्या दिवशी अंतर थोडं, जेवण मोठं. धुळ्याहून अमळनेर आणि तिथून जळगाव, सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. अमळनेर साने गुरुजींचं कर्मगाव. विप्रो कंपनीची सुरुवातही १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाच्या धंद्यातून झाली.

वरण-बट्टी पंगतीचं जेवण आहे, हॉटेलात सांगून तास-दीड तास थांबावं लागतं. एक किलो गव्हात दोनशे ग्रॅम मका घालून रवाळ दळलेलं पीठ, त्यात ओवा, हळद, मीठ आणि शंभर मिलीच्या आसपास तेलाचं मोहन. घट्ट मळून वळलेले गोळे वीस-पंचवीस मिनिटं वाफवतात, गार करून कापतात आणि तळतात. काही ठिकाणी गोवऱ्यांच्या आरात भाजतात, ती बट्टी मिळाली तर भाग्य. गरम असताना कापली की बट्टीचा चुरा होतो आणि बारीक पिठाची केली तर आतून चिकट राहते. ताटात बट्टी कुस्करायची, त्यावर घट्ट वरण, वरून तूप, शेजारी घोटलेल्या वांग्याची भाजी. बट्टी पोटात जाऊन फुगते, भूक अर्धी उरली असतानाच हात आवरा. आणि जेवल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका, तासभर सावलीत पडा. या जेवणानंतर झोप येतेच.

खापरावरचे मांडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, माणशी दीड ते दोन. उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापराखाली जाळ असतो, आणि बाई पुरण भरलेला गोळा हातावर वाढवत वाढवत कोपरापर्यंत नेते आणि खापरावर टाकते. पीठ भिजवून बराच वेळ मुरलेलं हवं, पुरणात डाळीची एकही कणी राहता कामा नये. एक कणी राहिली तरी मांडा तिथून फाटतो. हंगामात आमरसाबरोबर, एरवी दुधाबरोबर किंवा तिखट रशीबरोबर खातात.

घरी नेताना

वांगी शेवटच्या दिवशी जळगावला घ्या, पहिल्या दिवशी नव्हे. गोणपाटात सैल भरा, डिकीत सर्वांत वर ठेवा. बंद प्लॅस्टिकमध्ये घाम धरून ती दुसऱ्या दिवशी डागाळतात. चार दिवसांत वापरा. शिजवलेलं भरीत प्रवासात नेऊ नका, गाडीच्या उष्णतेत सहा-सात तासांत आंबतं. कळण्याचं पीठ आणण्याऐवजी ज्वारी-उडीद मिसळून आणा आणि लागेल तसं दळा, दळलेलं पीठ पंधरवड्यात कडवट होऊ लागतं.

केळीच्या हिरव्या फण्या पाठ वर करून एकावर एक न दाबता ठेवा, पपईपासून लांब. पिकत्या पपईशेजारी सगळी केळी एकदम पिकतात आणि मग शेजाऱ्यांना वाटत सुटावं लागतं. पिकवायची असतील तेव्हा दोन फण्या कागदात गुंडाळा, बाकीच्या उघड्या राहू द्या. बिबड्या आणि पापड डब्यात उभे लावा, मधे कपडे खुपसा. मिरचीची पिशवी सुती घ्या, डिकीत इतर सामानापासून वेगळी ठेवा आणि घरी पोचल्यावर दळायला देण्याआधी आणखी दोन दिवस कडक उन्हात टाका. आणि गिरणीवाल्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो तुमची मिरची दिवसाच्या शेवटी दळेल आणि तुमच्या मागच्या गिऱ्हाईकाचं गव्हाचं पीठ तिखट होणार नाही.